खलनायकाची धून अन् बाबांची फुंक

आमच्या बँडचा मोठा ढोल वाजला की बडनेऱ्याच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीचे डबे आपोआप सुटे होतात, हे अमरावतीत कोणालाही विचारा. कोणी नाही म्हणालं, तर तो दुसऱ्या बँडचा माणूस समजावा. अन् बाबांच्या ट्रम्पेटचं तर सांगायची सोय नाही. चांदूर बाजारात एका वरातीत त्यांनी टिपेचा सूर धरला. टिपेचा म्हणजे अगदी वरचा, ज्याच्यावर सुराला जागाच उरत नाही. तर त्या सुरावर बाजारातल्या एका कोंबड्यानं अंडं दिलं. कोंबडीनं नव्हे, कोंबड्यानं. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं पाहिलं तो माझ्याइतकाच खरं बोलणारा आहे.

बाबा बँडचे मास्तर. मी त्यांच्या उजव्या हाताला उभा राहून साइड ड्रम वाजवायचो, अन् नवी धून बँडवर बसवायची असली की कोणी कुठं वाजवायचं, कुठं गप बसायचं, ते ठरवायचो. घरात मला कोणी विचारत नसे, पण बँडमध्ये माझ्या काडीच्या इशाऱ्याशिवाय धून संपत नसे.

अलीकडच्या नवरदेवांना नायकाचं गाणं नको असतं. ही साथ त्या उडणाऱ्या वीरांच्या सिनेमांनी आणली. अंगाला चिकटलेले कपडे, छातीवर चिन्ह, माणूस इमारतीवरून उडी मारतो अन् मरत नाही, अन् बोलतो मात्र अस्सल हिंदीत. भागामागून भाग येत राहतात. आमच्या पोरांनी ते सगळे पाहिले अन् नायकाला सोडून खलनायकाच्या प्रेमात पडले. बँडच्या दुकानात येऊन म्हणायचे, "मास्तर, घोडीवर बसलो का ते वाजवा. तो राक्षस येते ना, तवाचं."

"लगन हाये का वध हाये बे तुहा?" बाबा विचारायचे.

"एकच हाये ना मास्तर," असं एकजण म्हणाला होता. त्याची होणारी बायको पोलीस खात्यात होती.

मोबाईलवरून धून उचलायची नाही, हा आमच्या घरचा नियम. बाबा म्हणायचे, मोबाईलमध्ये खालचा सूर मरून जातो, अन् खालचा सूर कानानं नाही, बरगड्यांनी ऐकायचा असतो. म्हणून नवा भाग लागला की आम्ही दोघं टॉकीजमध्ये जाऊन बसायचो. पडद्यावर शहरं कोसळत, विमानं फुटत, अन् बाबा डोळे मिटून, हनुवटी वर करून, मांडीवर तीन बोटं दाबत बसलेले. ट्रम्पेटला तीनच कळा असतात. शेजारच्यांना वाटे, बुढा झोपला. बुढ्यानं मध्यंतरापर्यंत अर्धा सिनेमा बोटांत भरलेला असे.

त्या खलनायकाची धून एवढीशी होती. सा, त्याला खेटून कोमल रिषभ, परत सा, अन् मग खाली उतरून निषाद. त्या निषादावर ती जी बसते ती बसतेच. उठून सावर, म्हणजे घरी, येतच नाही. ऐकणाऱ्याच्या घशात आवळा अडकतो अन् अडकूनच राहतो. माझ्यावर विश्वास नसेल तर पेटीवर वाजवून पाहा, पण जेवणाआधी वाजवू नका.

पहिल्या भागात ही धून मोठमोठ्या भोंग्यांनी वाजली. दुसऱ्यात सूर काढून घेतले अन् नुसत्या ढोलानं त्या चालीची पावलं टाकली. सूर नाही, काही नाही, तरी अख्ख्या टॉकीजला कळलं कोण येतोय ते. तिसऱ्या भागात तर कमालच. नायकाच्या घरी पंगत बसलेली, सगळे हसताहेत, मागं गोड व्हायोलिनं चालू. बाबांनी एकदम माझं मनगट धरलं.

"आला."

मी पडद्यावर पाहिलं. पोळ्या वाढणं चालू होतं. म्हणजे इंग्रजी लोक जे काय वाढतात ते.

"कोण आला? कोणीच तर नाई."

"खाली ऐक ना लेका. व्हायोलिनच्या बुडाशी. लोकायले माहीत नाई अजून, पण बाजाले माहीत हाये."

मी कान दिला. गोड सुरांच्या तळाशी, विहिरीत कोणी पाय हलवावा तशी, तीच धून हळूच चालली होती. पंगत हसत होती. नंतर त्या पंगतीतलं कोण उरलं अन् कोण नाही, ते सांगत नाही.

बाबांनी आणखी एक गोष्ट काढली होती. नायकाची अन् खलनायकाची धून मुळात एकच आहे. "दोघायचा बाप एकच. नायकाचं शेवटचं पाऊल घरात पडते, याचं बाहेर पडते. इतकाच फरक." असं म्हणून ते खूश होऊन मध्यंतरात बाहेर गेले, समोसे घेऊन परत आले, अन् माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसायचं सोडून पलीकडच्या एका धिप्पाड माणसाच्या मांडीवर बसले.

तो माणूस ओरडला, चटणी सांडली, मागच्या रांगा खिदळल्या. मीही हसलो. टॉकीजमधले दिवे अजून चालू होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

खालची धून आमच्या घरात तेव्हा केव्हाचीच सुरू झाली होती. बाबांच्या उजव्या हाताला ठेवलेला चहा हमखास लवंडायचा. दाराच्या उजव्या चौकटीशी त्यांच्या खांद्याचं जणू वैर होतं. एकदा ते मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मले बल्बाभोवती इंद्रधनुष्य दिसते आजकाल. गोल. लय मस्त दिसते." आईला ते दैवी वाटलं. मी बँडच्या पोरांना सांगितलं की बाबांना दिव्यात इंद्राचा दरबार दिसतो, त्यात दोन अप्सरा आमच्याच बँडवर नाचतात. पोरांनी अप्सरांची नावं विचारली.

"मोतीबिंदू हाये," बाबांनी निकाल दिला. "पिकला का काढून टाकू."

आमच्याकडं मोतीबिंदू आंब्यासारखा पिकवतात. आजोबांचा पिकवला होता, मोठ्या आत्याचा पिकवला होता. कच्चा काढू नये, असं सगळं गोत सांगतं, अन् एवढ्या लोकांसमोर एकटा डॉक्टर काय बोलणार? म्हणून डॉक्टरकडं जायचंच नाही. आम्ही सगळे बाबांचा डोळा पिकायची वाट पाहत बसलो. वर्ष उलटलं, लग्नसराई येऊन गेली. दर नव्या वरातीत बाबा टीप धरायचे, लोक शिट्ट्या मारायचे, अन् बाबांचा उजवा डोळा लाल होऊन त्यातून पाणी गळायचं. लोकांना वाटायचं, मास्तर सुरात रडतात.

शेवटी अकोल्याला दिलेल्या माझ्या बहिणीनं आम्हा दोघांना ओढून नेलं. तिनं खोटं सांगून नेलं, की अकोल्याच्या टॉकीजमध्ये नवा भाग लागलाय अन् तिथले भोंगे अमरावतीच्या दुप्पट आहेत. खोटं बोलायची कला आमच्या घरात सगळ्यांत आहे. स्टेशनवर उतरवून तिनं आम्हाला सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात बसवलं.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या अन् कमी बोलणाऱ्या होत्या. बराच वेळ त्यांनी बाबांच्या डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. मग विचारलं, "काम काय करता?"

"फुंकतो."

"काय फुंकता?"

"ट्रम्पेट. बँडचा मास्तर हाओ ना मी, बाई. अमरावतीचा."

त्यांचा लिहिणारा हात थांबला. बाबांना वाटलं, बाईंनी नाव ऐकलेलं दिसतं. त्यांनी कॉलर नीट केली.

"हा मोतीबिंदू नाही, बाबा. काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "हा पिकत नाही. डोळ्यात दाब वाढतो अन् मागची नस वाळत जाते. तुम्ही वरचा सूर धरता ना, गाल फुगवून, श्वास कोंडून? तेव्हा हा दाब आणखी चढतो. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्यात मधली नजर आहे, कडा गेल्या आहेत."

"मंग चष्मा द्या ना मोठ्या नंबरचा."

"चष्म्यानं होत नाही. गेलेली नजर कशानंच परत येत नाही. उरलेली तेवढी राखायची. थेंब देते, ते रोज घालायचे. अन् ती फुंक बंद."

बाबा हसले. लहान पोरानं काही वेड्यासारखं बोलावं तेव्हा हसतात तसे. "बाई, माहा श्वास बंद करा म्हणा ना सरळ."

बाई हसल्या नाहीत. "श्वास चालू ठेवा. टीप बंद करा," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

परत येताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "कोणाले सांगू नको. आंधया मास्तरले कोणी सुपारी देत नाई." सुपारी म्हणजे वरातीचं ठरवणं. बँडवाल्याचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर टांगलेलं असतं.

मी कोणाला सांगितलं नाही. पण मी काही गप बसणारा माणूस नव्हे. फुंक बंद होणार नाही हे मला माहीत होतं, तेव्हा निदान टीप तरी बंद करायची, असं ठरवून मी डाव टाकला. म्हटलं, "बाबा, त्या सिनेमात खलनायक कधी ओरडते का? तो हळूच येते म्हणून तर भ्याव वाटते. आपण धून तशीच वाजवू. पहिल्या खेपेला तुमी एकट्यानं खाली, अगदी हलक्या फुंकीनं. दुसऱ्या खेपेला नुसता ढोल. मंग सगळा बँड. अन् शेवटी टीप लागते तिथं कॅसिओच्या पेटीतून काढू, बँडच्या गाडीवरच्या भोंग्यातून."

"माह्या तोंडची टीप तू त्या खेळण्यातून काढशीन?"

"राक्षस स्वतः कायले येईन सगळीकडं? त्याचा चेला पाठोते तो."

बाबांना हे पटलं. म्हणजे त्यांनी मला शिवी दिली, पण दुसऱ्या दिवशी धून खालच्या पट्टीत बसवायला घेतली.

त्या सराईला ही नवी बांधणी असली चालली की विचारू नका. नांदगाव खंडेश्वरला बाबांनी तो खालचा निषाद हलक्या फुंकीनं सोडला तेव्हा घोडी जागच्या जागी खिळली, नवरदेवाच्या मामानं तिला गूळ दाखवला तरी हलेना, शेवटी नवरदेव चालत मांडवात गेला अन् घोडी त्याच्या मागं मान खाली घालून. लोक म्हणायला लागले, यांच्या बँडमध्ये भूत आहे. सुपाऱ्या वाढल्या.

पण मी बाबांच्या शेजारी उभा असायचो. चौथ्या खेपेला कॅसिओची टीप भोंग्यातून निघाली की त्यांचे ओठ हलायचे. ट्रम्पेट खाली धरलेलं, तरी तिन्ही बोटं कळांवर दाबलेली. भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसासारखे ते त्या भोंग्याकडं पाहायचे. दर वरातीला ट्रम्पेट थोडं थोडं वर यायला लागलं. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मी पाहत होतो अन् दर वेळी स्वतःला सांगत होतो, की अजून ओठाला लागलेलं नाही.

मग बाळापूरकडची वरात आली.

नवरदेव अमरावतीचा, नवरी बाळापूरच्या अलीकडच्या गावची. ऊन असं, की टेम्पोच्या पत्र्यावर आम्ही भाकरी शेकल्या. तुम्ही मानू नका, पण कडेनं करपल्या होत्या. आमच्याकडं वरात गावाच्या तोंडाशी मारोतीपाशी थांबते. नवरीकडची मंडळी आपला बँड घेऊन सामोरी येतात. अन् गळाभेटी, पानसुपारी, सगळं होण्याच्या आधी दोन्ही बँड समोरासमोर उभे राहतात. त्याला मुकाबला म्हणतात. नियम साधा आहे. ज्या मास्तरचा श्वास आधी तुटेल, किंवा ज्याचा ढोल आधी थांबेल, तो बँड बाजूला होतो, अन् दुसरा बँड वरात मांडवात घेऊन जातो. लोक म्हणतात गंमत आहे. त्या गंमतीवर पुढची सराई ठरते.

समोर अकोल्याचा बँड होता. त्यांचे कोट आमच्यासारखेच लाल, खांद्यावर तशीच सोनेरी झालर. वऱ्हाडातल्या निम्म्या बँडांचे कोट असेच असतात, त्यात काही विशेष नाही. त्यांचा मास्तर बाबांपेक्षा पुष्कळ तरणा, छाती कणगीसारखी. त्यानं ट्रम्पेट उचललं अन् पहिला सूर सोडला.

सा. कोमल रिषभ. सा. अन् खाली निषाद.

दोन्हीकडची सगळी तरणी मंडळी किंचाळली. त्यांनीही तीच धून बसवली होती. नवरीकडूनही खलनायक अन् नवरदेवाकडूनही खलनायक, अन् मधे बिचारा मारोती. असलं सिनेमावाल्यांनाही कधी सुचलं नाही. बाबा आधी थक्क झाले, मग त्यांच्या मिशीत हसू आलं. आम्ही आमची बांधणी सुरू केली. बाबांनी खाली, हळूच. मग आमचा ढोल. मग सगळा बँड. लोक डोलत होते. चौथ्या खेपेला आमच्या भोंग्यातून कॅसिओची टीप निघाली, अन् त्याच वेळी अकोल्याच्या मास्तरनं खऱ्या फुंकीची टीप धरली.

भोंग्यातली टीप त्याच्यासमोर मच्छरासारखी वाटली. हे मी फुगवून सांगत नाही. ती तशीच वाटली.

नवरदेवाचा काका गर्दीतून पुढं आला. "का हो मास्तर? तुमचा राक्षस निजला का? कोंबडा अंडं देत होता म्हणे तुमच्या सुरावर!" ती गोष्ट मीच पसरवलेली होती. गर्दी हसली. कोणीतरी म्हणालं, "अमरावतीची पिपाणी!"

मी बाबांकडं पाहिलं. मान हलवली, नाही म्हणून. अन् ट्रम्पेट ओठाला लागलं.

त्यांनी धून खालून घेतली, नेहमीसारखी. मी म्हटलं, ठीक आहे, खालीच राहतील. मग निषादावरून त्यांनी एका झेपेत वर उडी घेतली अन् टीप धरली. तसली टीप मी आयुष्यात ऐकली नव्हती. अकोल्याच्या मास्तरच्या डोळ्यात धसका दिसला. दोन्ही टिपा एकमेकांना खेटून उभ्या राहिल्या, एक केसानं वर, एक केसानं खाली, अन् त्यांच्यामधून ती घरघर यायला लागली जी दोन सूर भांडले की येते. बाबांच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या उभ्या राहिल्या. गाल फुगले. उजवा डोळा जासवंदासारखा लाल, त्यातून पाण्याची धार. डावा डोळा सताड उघडा.

मी काडी वर केली. माझी काडी वर गेली की मास्तर सूर सोडतो, असं आमचं ठरलेलं. मी काडी त्यांच्या शेजारी, उजव्या हाताला, नेहमीच्या जागी वर केली. त्यांनी पाहिलं नाही. मी काडी हलवली. गांधीलमाश्या हाकलल्यासारखी हलवली. "बाबा!" म्हणून ओरडलो. दोन बँडच्या ढोलात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. अन् तेव्हा मला कळलं की ते हट्टानं दुर्लक्ष करत नाहीत. त्यांच्या उजव्या बाजूला काडीही नाही अन् मीही नाही.

मी वळलो, आमच्या ढोलवाल्याच्या हातातली मोगरी दोन्ही हातांनी धरली अन् खाली ओढली.

आमचा ढोल थांबला.

बाबांचा सूर तुटला. अकोल्याच्या बँडनं आरोळी ठोकली, त्यांच्यातल्या पोरांनी टोप्या उडवल्या. नवरदेवाच्या काकानं कपाळावर हात मारला. बाबा ट्रम्पेट हातात घेऊन उभे होते, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

"कोणं थांबवला ढोल?"

आमचा ढोलवाला माझ्याकडं पाहायला लागला.

"कोणं थांबवला म्हणतो मी!"

"मी," असं मी म्हणालो. पण घसा बसला होता, आवाज नीट निघाला नाही. बाबा चालत सुटले. लाल कोट, सोनेरी झालर, गळ्यात साइड ड्रम, अशा एका पोराची कॉलर त्यांनी एका मुठीत धरली अन् त्याला गदागदा हलवलं.

"काहून थांबवला बे? माह्या बापानं हे नाव कमावलं, मी संभायलं, अन् तू? भर मारोतीसमोर? पराया गावात? तुले पोटात वागवलं का साप वागवला तुह्या मायनं?"

तो पोरगा अकोल्याच्या बँडचा होता.

बिचाऱ्यानं आपला ड्रम दोन्ही हातांनी सावरला. मग पुटपुटला, "बाबाजी... मी तुमचा नाई ना."

गर्दी खदखदून हसली. "मास्तरनं जास्त घेतली वाटते!" काका ओरडला. बाबा आयुष्यात दारूला शिवलेले नव्हते. मी पलीकडून म्हणालो, "बाबा. मी इकडं हाओ."

त्यांची मूठ त्या पोराच्या कॉलरवर तशीच राहिली. मान माझ्या आवाजाकडं वळली. नजर माझ्यावरून गेली, पुढं गेली, ढोलावर अडखळली, परत आली, पुन्हा माझ्यावरून गेली. भर दुपारी, डोक्यावर सूर्य, अन् बाबा मला शोधत होते. हसणं पुढच्या रांगेत थांबलं, मग मधल्या, मग अगदी मागच्या, जिथल्या लोकांना काय झालं ते दिसलंही नव्हतं.

अकोल्याचा मास्तर पुढं आला. त्यानं बाबांच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "डोये?"

बाबांनी कॉलर सोडली. मग हातानं चाचपून त्या पोराची झालर नीट बसवली, चुरगळलेली कॉलर सरळ केली. "माफ कर बेटा," म्हणाले.

नियम तो नियम. वरात अकोल्याच्या बँडनंच मांडवात नेली. त्यांनी तीच धून वाजवली, पण त्या मास्तरनं पुन्हा टीप घेतली नाही, सगळं खालीच ठेवलं. ते त्यानं कशासाठी केलं, मी विचारलं नाही. बाबा मागून चालले होते, माझ्या ड्रमचा पट्टा धरून. नवरदेवाचा काका जेवणाच्या पंगतीतही आम्हाला ऐकवत होता, की हरलेल्या बँडला वाढायचं कशाला. बाबा जेवले. पानात काय कुठं वाढलंय ते मी त्यांना सांगत होतो, अन् आजूबाजूचे लोक ते ऐकत होते. सांगायचं नाही म्हणून जे ठरलं होतं ते एका पंगतीत संपलं.

परतीच्या टेम्पोत आम्ही मागं बसलो. पोरं एरवी परतताना इतका दंगा करतात की मूर्तिजापूरच्या पुढं रस्त्यातली झाडं कान झाकतात, पण त्या दिवशी जो तो आपापलं वाद्य पुसत बसला होता. ट्रम्पेट बाबांच्या मांडीवर आडवं होतं. मी सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो.

मूर्तिजापूर मागं पडल्यावर ते म्हणाले, "टीप धरली ना, तवा कडा आत आल्या. पडदा ओढते तशा. मले दिसून राहिलं होतं. जाऊन राहिलेलं."

"मंग थांबले काहून नाई, बाबा?"

त्यांनी मांडीवरच्या ट्रम्पेटच्या तिन्ही कळा एकदा दाबल्या.

"सूर बरा लागला होता."

मला शिवी द्यायची होती, की पाया पडायचं होतं, ते आजही सांगता येत नाही. टेम्पो खड्ड्यातून उसळला, ट्रम्पेट घसरलं, मी ते धरलं. बाबांनी ते परत मागितलं नाही. त्यांनी हात मोकळे सोडून मांडीवर ठेवले, पालथे.

"तिथून उठ," ते म्हणाले.

"काहून?"

"इकडं ये. या बाजूनं बस. तिकडं बसला का तू नसतोस."

मी उठलो. पोरं सरकली, ढोल सरकवला, मी ट्रम्पेट काखेत धरून त्यांच्या डावीकडं जाऊन टेकलो. बाबांनी मान माझ्याकडं वळवली. मग आणखी थोडी. मग हळूहळू आणखी थोडी, मी त्यांच्या उरलेल्या तुकड्यात बरोबर बसेपर्यंत.